वेंधळी मुलगी मोठी होते तेव्हा

मराठीत या मुलींसाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. वेंधळी, धांदरट, विसराळू, बडबडी, आगाऊ. आई वैतागली की विचारते, ‘लक्ष कुठे असतं गं तुझं?’ आजी म्हणते, ‘मुलीच्या जातीला हे शोभत नाही.’ शाळेच्या कॅलेंडरात शेरा येतो, ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते.’ या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की मनात आणलं तर ही नीट वागेल, पण ती मनात आणत नाही. एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता आणि अतिचंचलतेचा विकार, हा विषय समजून घ्यायचा असेल तर आधी ही समजूत बाजूला ठेवावी लागते. ती बाजूला ठेवायला मला स्वतःलाही वेळ लागला, म्हणून ही प्रस्तावना लिहिताना थोडं माझंही सांगणार आहे.

गेली 26 वर्षं मी लहान मुलांच्या मानसशास्त्रीय तपासण्या करते. माझ्याकडे मुलगे यायचे ते बहुधा शाळेने पाठवले म्हणून. बाक वाजवतो, मारामाऱ्या करतो, बाईंना शिकवू देत नाही. मुली यायच्या त्या भलत्याच तक्रारी घेऊन: अक्षर वाईट आहे, गणितात मार्क पडत नाहीत, सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी वर्ग बिघडवत नाही. साठ मुलांच्या वर्गात तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते, आणि यात शिक्षकांचा दोष काढावा असं मला वाटत नाही.

हा विषय वैद्यकात आला तोही मुलग्यांच्या पायांनीच. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली, त्यांत बहुसंख्य मुलगे होते. पुढे लक्षणांच्या याद्या झाल्या त्याही वर्गात उठून पळणाऱ्या, मध्येच बोलणाऱ्या मुलग्यांकडे बघून. 1999 साली अमेरिकेत उपचारांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत 579 मुलं होती, आणि त्यांतले पाचातले चार मुलगे. वस्तीत जाऊन मोजलं तर दोन-तीन मुलग्यांमागे एक मुलगी सापडते, दवाखान्यात मात्र ही तफावत कितीतरी जास्त दिसते. मोठ्या माणसांमध्ये स्त्रिया आणि पुरुष जवळजवळ बरोबरीला येतात. म्हणजे मधल्या काळात कितीतरी मुली दवाखान्याच्या दारावरूनच पुढे निघून गेलेल्या असतात.

या पुस्तकाच्या मध्यभागी जे संशोधन आहे, ते नेमकं या मुलींना थांबवून त्यांच्याकडे बघणारं आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक स्टीफन हिनशॉ यांनी 1997, 1998 आणि 1999 अशा तीन उन्हाळ्यांत फक्त मुलींसाठी दिवसाची शिबिरं भरवली. वय 6 ते 12. तीन वर्षांच्या मिळून 228 मुली. त्यांपैकी 140 जणींना एडीएचडीचं निदान झालेलं होतं, आणि 88 जणी त्याच वयाच्या, तशाच वेगवेगळ्या वंशांच्या घरांतून आलेल्या, निदान नसलेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतीच्या शहरांतल्या गोऱ्या, आफ्रिकी-अमेरिकी, लॅटिन अमेरिकी, आशियाई अशा सगळ्या मुली एकाच मैदानावर. सकाळी वर्ग, मग चित्रकला, नाटक, खेळ. शिबिरातल्या कर्मचाऱ्यांना कुणाला निदान आहे आणि कुणाला नाही, हे माहीत नसायचं. निरीक्षक नोंदवह्या घेऊन दिवसभर टिपत राहायचे: कोण कुणाशी बोलली, कुणी कुणाला ढकललं, कोण एकटी उभी होती.

मुलगेच नसल्यामुळे शिबिरात एक मोठीच गोष्ट साधली. मिश्र गटात मुलीची तुलना नकळत मुलग्याशी होते, आणि मुलग्याच्या मानाने ती ‘बरी’ ठरते. इथे तिच्या शेजारी तिच्याच वयाची दुसरी मुलगी होती. त्या तुलनेत फरक लपत नव्हता. अभ्यासात, बोलण्यात आणि सगळ्यात जास्त मैत्रीत तो दिसला. शिबिरात मुलींना विचारलं जायचं, तुला कोण आवडतं, कोण आवडत नाही. ज्या मुलींमध्ये चंचलता, उतावळेपणा आणि लक्ष न लागणं हे सगळं एकत्र होतं, म्हणजे ज्याला संमिश्र प्रकार म्हणतात, त्यांना बाकीच्या मुली उघडपणे नाकारत होत्या. ज्यांचं फक्त लक्ष लागत नव्हतं, त्या बाजूला पडत होत्या. एकीशी सगळ्यांची कट्टी, आणि दुसरी वर्गात आहे हेच कुणाच्या ध्यानात नाही. या वयात मैत्रिणींचा नकार काय करतो, हे मुलगी वाढवलेल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही.

शिबिरात मुलींच्या मानसशास्त्रीय तपासण्याही झाल्या. त्यांतली एक मला फार जवळची आहे, कारण तीच मी माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं वापरते. आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1941 मध्ये तयार केलेली आणि पुढे ओस्टेरिथ यांनी पक्की केलेली एक आकृती. मोठा आयत, त्याचे कर्ण, उजवीकडे टोकदार त्रिकोण, आत एक वर्तुळ आणि त्यात तीन ठिपके, एका बाजूला समांतर रेघांचा पुंजका, बाहेर लोंबणारा क्रूस. मुलीसमोर ही आकृती ठेवायची आणि सांगायचं, हिच्यासारखीच काढ. बस्स. काही मुली आधी मोठा आयत काढतात, मग कर्ण, मग बारीकसारीक भाग आपापल्या जागी बसवतात. काही मुली डोळ्यांत पहिल्यांदा भरलेल्या तपशिलापासून सुरुवात करतात. वर्तुळ आवडलं म्हणून आधी वर्तुळ, त्याच्या शेजारी रेघा, मग त्रिकोण, आणि शेवटी आयत कुठे काढायचा तेच कळत नाही. भाग बहुतेक सगळे उतरलेले असतात, पण ते एकमेकांना धरून नसतात. बर्कलेच्या मुलींमध्ये निदान असलेल्या गटाची ही आकृती दुसऱ्या गटापेक्षा जास्त विस्कटलेली निघाली. आखणी करणं, काय आधी आणि काय नंतर ते ठरवणं, हातातलं धरून ठेवणं या क्षमतांचं हे एक लहानसं माप. हेच माप दहा वर्षांनंतर त्या मुलींचं अभ्यासात आणि कामाच्या ठिकाणी कसं चाललं आहे याची बरीच चाहूल देणारं ठरलं. नऊ वर्षांच्या मुलीने पेन्सिलीने काढलेला एक कागद, आणि त्यात एवढं.

हिनशॉ यांच्या घरचा एक इतिहास इथे सांगायला हवा, कारण त्याशिवाय या कामातली चिकाटी कळत नाही. त्यांचे वडील ओहायोत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांना मनोविकाराचे झटके यायचे आणि ते महिनोन्महिने घरातून दिसेनासे व्हायचे. मुलांना यातलं काही सांगायचं नाही, असा डॉक्टरांचाच आदेश होता. स्टीफन कॉलेजात गेल्यावर सुट्टीत घरी आले, तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा त्यांना खरं काय ते सांगितलं. 2017 साली ‘अनदर काइंड ऑफ मॅडनेस’ या आत्मकथनात त्यांनी हे सगळं लिहिलं आहे. आजाराइतकंच त्याच्याभोवतीचं मौन माणसाला पोखरतं, हे ज्याने जेवणाच्या टेबलावर अनुभवलं, तो माणूस मुलींच्या न दिसणाऱ्या त्रासामागे पंचवीस वर्षं लागतो, यात मला आश्चर्य वाटत नाही.

शिबिरं संपली, पण संशोधन संपलं नाही. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी आणि सोळा वर्षांनी संशोधक पुन्हा याच मुलींकडे गेले. सोळा वर्षांनंतरच्या फेरीत त्यांचं सरासरी वय पंचविशीच्या पुढे होतं. अमेरिकेत माणसं घरं बदलतात, गावं बदलतात, आडनावं बदलतात, तरी प्रत्येक फेरीत दहातल्या नऊहून जास्त मुली सापडल्या. जी येऊ शकत नव्हती तिच्या घरी संशोधक गेले, किंवा फोनवर बोलले. आकडे वाचताना याचा विसर पडू देऊ नये. ज्या मुली हरवतात त्यांचंच बहुधा सर्वांत वाईट झालेलं असतं, आणि त्यांना वगळून काढलेली सरासरी खोटं बोलते. इथे त्यांना हरवू दिलं नाही.

या फेऱ्यांनी जे दाखवलं ते दोन पातळ्यांवर वाचावं लागतं. वरवर पाहिलं तर मुली सुधारल्या होत्या. धावपळ, चुळबुळ, मध्येच बोलणं कमी झालं होतं. ‘मोठी झाली की होईल नीट’ असं म्हणणारे आपण सगळे इथेच थांबतो. खाली मात्र वेगळंच चाललं होतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांत असं आढळलं, की लहानपणी संमिश्र प्रकार असलेल्या मुलींपैकी 22 टक्के मुलींनी तोवर एकदा तरी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. फक्त लक्ष न लागण्याचा प्रकार असलेल्यांमध्ये हे प्रमाण 8 टक्के होतं, आणि निदान नसलेल्यांमध्ये 6 टक्के. स्वतःला कापणं, भाजणं, इजा करून घेणं याचं प्रमाण याच क्रमाने 51, 29 आणि 19 टक्के.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कागद खाली ठेवला होता. मग माझ्या जुन्या फायली काढून बसले.

हे कसं घडतं, याचा शोध पुढच्या निबंधांनी घेतला, आणि मला वाटतं या सबंध कामाचं मोल तिथे आहे. लहानपणचा उतावळेपणा एकटा मुलीला तिथवर नेत नाही. मध्ये माणसं येतात. मैत्रिणींनी टाकणं येतं, किशोरवयात होणारी छळवणूक येते, आणि त्यातून साचलेली उदासी येते. घरही येतं. बर्कलेच्या मुलींची लहानपणची नोंद पाहिली, तेव्हा निदान असलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के मुलींना मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा दुर्लक्ष सोसावं लागल्याचं आढळलं. निदान नसलेल्यांमध्ये हे प्रमाण 4 ते 5 टक्क्यांच्या आसपास होतं. आणि एडीएचडीसोबत ज्यांनी असा छळही सोसला होता, त्यांच्यात मोठेपणी आत्महत्येचे प्रयत्न आणखी जास्त होते. सारखी सांडणारी, हरवणारी, उलट बोलणारी मुलगी आईबापांचा संयम संपवते आणि मार खाते. मग त्या माराने ती आणखी विस्कटते. यातलं आधी काय आणि नंतर काय, हे एका अभ्यासातून सुटं करता येत नाही, पण हे चक्र मी इतक्या घरांत फिरताना पाहिलं आहे की मला त्याचा आवाज ओळखू येतो.

सोळा वर्षांच्या फेरीत आणखी एक गोष्ट पुढे आली. निदान झालेल्या मुलींपैकी 43 टक्के मुलींना तोवर नको असताना गर्भ राहिला होता. निदान नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. यातली विचारात पाडणारी बाब अशी, की जिची लक्षणं मोठेपणी ओसरली होती तिचाही धोका ओसरला नव्हता. मागोवा घेतला तेव्हा धागा जाऊन पोचला तो शाळेपर्यंत. अभ्यासात मागे पडत गेलेली मुलगी शाळेपासून तुटते, आणि शाळेने दिलेलं जे संरक्षण असतं तेही तिच्या हातून सुटतं. मार्कांची चिंता आपण मार्कांसाठी करतो. इथे प्रश्न त्याहून मोठा आहे.

हे आकडे उचलून महाराष्ट्रावर चिकटवू नयेत, अशी वाचकाला माझी कळकळीची विनंती आहे. तो समाज वेगळा आहे, तिथे मुलीला मिळणारी मोकळीक वेगळी आणि एकटेपणही वेगळं. शिवाय या अभ्यासातल्या 140 मुलींचं निदान लहानपणीच झालं होतं. आपल्याकडच्या ज्या बाईला पस्तिशीत, मुलाला दाखवायला नेल्यावर, ‘हे तर माझंही आहे’ असं कळतं, तिची गोष्ट या आकड्यांत नाही. तरी हे काही कॅलिफोर्नियापुरतं नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे 19 लाख लोकांच्या सरकारी नोंदी तपासून 2015 साली असं दाखवलं गेलं, की एडीएचडी असलेल्यांमध्ये अकाली मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. ही वाढ स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक होती, आणि या मृत्यूंत अपघातांचा वाटा सर्वांत मोठा होता. देश बदलला, पद्धत बदलली, तरी बोट त्याच जागेवर.

आपल्याकडचा एक व्यावहारिक पेचही सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता धरल्या आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडी वेगळी नोंदलेली नाही. त्यामुळे जिला सोबत वाचन-लेखनाची अडचण आहे तिला परीक्षेत जादा वेळ मिळण्याची वाट असते, आणि जी नुसतीच लक्ष सांभाळता न आल्यामुळे पेपर अर्धा सोडून येते, तिच्या आईला काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही.

आणि एक सावधगिरी. प्रत्येक वेंधळी मुलगी एडीएचडीची नसते. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांच्यामुळे रोजचं जगणं खरोखर अडावं लागतं. झोप पुरत नसेल, घरात भांडणं असतील, ऐकू कमी येत असेल, तरी मुलगी अशीच दिसते. हे पुस्तक वाचून घरच्या घरी निदान करू नका. शंका आली तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि मुलगी जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल तर थांबू नका. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

धोक्यांबद्दल इतकं लिहिल्यावर ज्या निबंधाने मला बळ दिलं त्याकडे येते. अमोरी मिकामी आणि हिनशॉ यांनी शिबिरातल्या नाकारल्या गेलेल्या मुलींकडे पाहून वेगळा प्रश्न विचारला: यांच्यातल्या काही जणी तरल्या, त्या कशामुळे? सापडलेल्या गोष्टी मोठ्या नव्हत्या. एक म्हणजे मोठ्या माणसांना ती मुलगी आवडणं. दुसरी, अभ्यासात मला काही येतं ही तिची स्वतःबद्दलची भावना. आणि तिसरी मला सर्वांत प्रिय आहे: एकटं असताना काहीतरी ठरवून, मन लावून खेळता येणं. मैदानाच्या कडेला एकटी उभी असलेली मुलगी आणि मैदानाच्या कडेला एकटी बसून काहीतरी रचत असलेली मुलगी, दोघी लांबून सारख्याच दिसतात. त्यांच्यात पुष्कळ अंतर असतं. जिच्याजवळ स्वतःचं असं काही करायला असतं, तिला मैत्रिणींचा नकार थोडा कमी लागतो. आपण अशा मुलीच्या हातून ते काम काढून घेतो आणि म्हणतो, ‘जा, बाकीच्यांत खेळ.’ मीही आयांना असंच सांगत आले होते. आता आधी विचारते, एकटी असताना ती काय करते?

अशीच एक मुलगी माझ्याकडे नऊ वर्षांची असताना आली होती. तक्रार अक्षराची. मी तिच्याकडून ती आकृती काढून घेतली, बुद्ध्यंक चांगला आला, आणि आईला म्हणाले, ‘काळजी करू नका, मोठी झाली की सावरेल.’ फाइल बंद केली. पंधरा वर्षांनी ती स्वतः फोन करून आली. इंजिनीअरिंगला दर सेमिस्टरला केटी, एक वायडी, दोन नोकऱ्या सुटलेल्या, आणि कुर्त्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. आई बाहेर बाकावर बसली होती. चूक माझी होती, आणि ती मी तिला पहिल्याच भेटीत सांगितली.

औषधं सुरू झाली, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. चौथ्या-पाचव्या भेटीत मी तिची जुनी फाइल काढली आणि तो कागद तिच्यासमोर ठेवला. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या होत्या. कोपऱ्यात वर्तुळ, त्यात तीन ठिपके नीट, जोर देऊन काढलेले. त्रिकोण भलतीकडे. आयत दोनदा सुरू करून सोडलेला. ती बराच वेळ बघत राहिली. मग बोट फिरवत एकेक भाग मोजायला लागली.

‘मॅडम, सगळं काढलंय की मी,’ ती म्हणाली. ‘फक्त आधी हा मोठा चौकोन काढायला हवा होता.’

तिने मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला, आणि विचारलं, आईला आत बोलवू का.